हाड जुळेल, हात तू मिळव

नाशिक, १८ जानेवारी

चि. सईस,


उजव्या हाताच्या प्लॅस्टरचा फोटो पाहिला. खाली तू लिहिलंस, "आत्या, सहा आठवड्यांनी हे निघालं की सुटले." त्या 'सुटले'साठीच हे पत्र. तीस वर्षं मी मोडलेले हात हलते करायचं काम केलं. हाड शरीर जुळवतं. हात मात्र आपल्यालाच परत मिळवावा लागतो.

मिनियापोलिसच्या बर्फावर पाय घसरला आणि तू हात टेकलास. सगळेच टेकतात, आणि मनगटाजवळ रेडियस हे हाड मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कोलीस यांनी १८१४ साली, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी, या मोडीचं वर्णन केलं. कालांतराने हात मोकळा हलू लागतो, असा दिलासाही त्यांनी दिला. माझ्या अनुभवात ते 'कालांतर' आपोआप येत नाही.

सध्या हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेव. बोटांतल्या अंगठ्या काढ. तासातासाला पूर्ण मूठ मिटायची, पूर्ण उघडायची. कोपर, खांदाही हलवायचा. खाज आली तरी आत सुई-काडी घालू नकोस. बोटं बधिर किंवा निळसर झाली, कळ वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठ.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले एक्स-रे चुकवू नकोस. सूज उतरली की प्लॅस्टर सैल होतं आणि नीट बसवलेलं हाड सरकू शकतं. ते तेव्हाच कळलं तर सुधारता येतं.

हे मी माझं मनगट गमावता गमावता शिकले. २००९च्या हिवाळ्यात टोरांटोला पायरीवर घसरले. अंगठ्याच्या मुळाशी दुखत होतं, पण एक्स-रेत काही दिसलं नाही. दहा दिवसांनी पुन्हा काढा, असं सांगितलं होतं. तोवर मी परतले, आणि काढला नाही. स्कॅफॉइड हे तिथलं छोटं हाड मोडलं होतं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा लपते; शिवाय त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं, म्हणून मोड दुर्लक्षित राहिली की दुसरा तुकडा उपाशी पडतो. शेवटी शस्त्रक्रिया झाली. आजही पोळ्या लाटताना मनगट दुखतं. रुग्णांना रोज सांगत असलेली गोष्ट मी स्वतः पाळली नाही, याची खंत आहे.

प्लॅस्टर निघेल तेव्हा हात बारीक, कोरडा, ताठ दिसेल. घाबरू नकोस. फिजिओथेरपी लगेच सुरू कर. कामाचं कारण सांगू नकोस. कोमट पाण्यात मनगट हळूहळू वाकव. तीर्थ घेताना तळवा वर वळतो ना, ती हालचाल सगळ्यात हट्टी. तिच्यावर जास्त वेळ दे. पकडीसाठी मऊ कणीक मळ. जड वजन मात्र डॉक्टर म्हणतील तेव्हाच उचल. अंगठा अचानक वर उचलता येईना झाला, तर न दुखताही त्याची कंडरा (टेंडन) तुटलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

पुन्हा बाहेर पडताना भीती वाटेल. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठून काचेसारखं होतं, तेव्हा जप. हात खिशाबाहेर, पावलं छोटी, पायाचा तळवा सपाट, भार पुढच्या पायावर. मार्चमध्ये बाबा येतील तेव्हाही बर्फ असेल. ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. पडून डोक्याला मार लागला, तर "मी ठीक आहे" म्हणाले तरी तडक इमर्जन्सीत ने.

दिवाळीला येशील तेव्हा आधी देवघरात ये. तीर्थ तुझ्या उजव्या तळव्यावर मीच घालीन, आणि तो पूर्ण वर वळलेला मला पाहायचाय.

तुझी,
आत्या