वाळवंटातील मातीचे महाल : सांता फेच्या घरबांधणीपासून आपल्या कारागिरांनी काय शिकावे?

मातीचे घर म्हटले की आपल्याकडे गरिबी डोळ्यांसमोर येते. चार पैसे हाती आले की माणूस प्रथम मातीची भिंत पाडतो आणि सिमेंटची उभी करतो. पण जगात अशीही एक जागा आहे, जिथे श्रीमंत मनुष्य खास सांगून, जादा पैसे मोजून मातीचे घर बांधून घेतो. ती जागा म्हणजे अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे हे शहर. या शहरातील घरबांधणीचा आम्ही या लेखात थोडा अभ्यास करणार आहोत. गवंडी, सुतार, लोहार, गिलावा करणारे आणि लाकडी मालाचे व्यापारी या सर्वांना त्यात उपयोगी पडेल असे बरेच काही आहे.

गावाची ओळख

सांता फे हे १६१० साली वसलेले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंचीवर आहे. पाऊस वर्षाला जेमतेम १४ इंच. उन्हाळ्यात दिवसा कडक ऊन, हिवाळ्यात रात्री बर्फ. २०२० च्या जनगणनेप्रमाणे वस्ती साडेसत्याऐंशी हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. पण चित्रे, मातीची भांडी, विणकाम व चांदीकाम यांच्या बाजारपेठेत या गावाचे नाव मोठे आहे. मूळ रहिवासी इंडियन जमातींच्या हस्तकलेचा बाजार तिथे १९२२ पासून भरत आला आहे. २००४ पासून जगभरच्या लोककलांचा बाजारही भरतो आणि त्यात भारतातील कारागीरही माल घेऊन जातात.

जवळच्या अबिक्यू गावी जॉर्जिया ओकीफ या प्रसिद्ध चित्रकर्तीने १९४५ साली मातीचे एक पडके घर विकत घेतले. त्याची दुरुस्ती जवळजवळ चार वर्षे चालली. अशा कलावंतांमागून धनिक आले आणि मातीच्या घराला मागणी आली. १९५७ साली सांता फे नगरपालिकेने नियमच केला की, जुन्या भागात नवे बांधकाम जुन्या स्थानिक पद्धतीसारखेच दिसले पाहिजे. तेव्हापासून मातीचा रंग, सपाट छप्पर, गोलसर कोपरे आणि बाहेर डोकावणाऱ्या गोल तुळया ही गावाची खूण बनली.

एक शब्द, मोठा प्रवास

उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटेला तिथे 'अडोबी' म्हणतात. हा शब्द अरबी 'अत-तूब' म्हणजे वीट, यावरून आला. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये गेला आणि स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत. तेथील मूळ रहिवासी आधीपासून मातीचे थर रचून घरे बांधतच होते. साच्यातून वीट पाडण्याची रीत मात्र स्पॅनिश लोकांनी रूढ केली.

वीट आणि भिंतीचा हिशेब

तिथली नेहमीची वीट १४ इंच लांब, १० इंच रुंद व ४ इंच जाड असते. वजन १४ किलोच्या आसपास. वाळू व चिकणमाती यांचे योग्य मिश्रण, त्यात गव्हाचे काड. चिकणमाती जास्त झाली तर वीट वाळताना तडकते, वाळू जास्त झाली तर कोपरे झडतात. म्हणून चांगला विटकरी आधी दोन-चार नमुना विटा पाडून बघतो. ओली वीट गोठली तर वाया जाते, त्यामुळे हे काम थंडीत बंद ठेवावे लागते.

आता हिशेब पाहू. १४ इंच जाडीची भिंत, एकूण लांबी १०० फूट, उंची १० फूट. दर चौरस फुटास सुमारे तीन विटा धरल्या तर तीन हजार विटा होतात. त्यांचे वजन जवळजवळ ४२ टन. ही प्रत्येक वीट माणसाच्या हाताने पाडायची, उलटायची, वाहायची आणि लावायची. माती स्वस्त, पण हात महाग! म्हणूनच सांता फेत मातीची दिसणारी अनेक घरे आतून लाकडी सांगाड्याची असतात व वरून मातकट रंगाचा गिलावा असतो. खऱ्या विटांचे घर हा शौकाचा आणि ऐपतीचा विषय झाला आहे.

तिथल्या सरकारने मातीच्या बांधकामासाठी वेगळे नियम केले आहेत. विटेने सरासरी दर चौरस इंचास ३०० पौंड दाब सोसला पाहिजे. पाया पक्का हवा, जोते जमिनीपासून वर हवे आणि भिंतीच्या माथ्यावर सर्व भिंतींना बांधणारा सलग पट्टा हवा. आपल्याकडे मातीचे काम 'अंदाजाने' होते म्हणून त्याला इंजिनिअर हात लावत नाही आणि बँक कर्ज देताना कचरते. मोजमाप आणि चाचणी आली की तीच माती प्रतिष्ठित होते, हा पहिला धडा.

घर कसे आखतात?

जाड भिंतीतून ऊन आत पोहोचायला आठ-दहा तास लागतात. दुपारची उष्णता रात्री आत येते व रात्रीचा गारवा दुपारी उपयोगी पडतो. पण केवळ जाडीने थंडी अडत नाही. म्हणून मोठ्या खिडक्या दक्षिणेकडे ठेवतात. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्याचे ऊन खोलवर येऊन भिंती व फरशी तापवते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा पुढील ओसरीची सावली पुरते. छताचे पाणी भिंतीवर उतरू नये म्हणून पन्हळी चांगल्या बाहेर काढतात. पाणी तिथे सोन्याच्या मोलाचे. सांता फे परगण्यात २,५०० चौरस फूट किंवा त्याहून मोठे नवे घर बांधणाऱ्यास छपराचे पाणी टाकीत साठविण्याचे बंधन आहे. आपल्या दुष्काळी तालुक्यांतील बांधकाम करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सिमेंटच्या गिलाव्याचा धोका

रँचोस दे ताओस येथील मातीच्या जुन्या चर्चला १९६७ साली सिमेंटचा गिलावा करण्यात आला. दरवर्षी लिंपायचा त्रास वाचेल, हा हेतू. पण सिमेंटला बारीक चिरा पडल्या, त्यांतून पाणी आत शिरले आणि बाहेर निघेना. आतली माती भिजून ढासळू लागली. शेवटी सिमेंट खरवडून काढून पुन्हा मातीचा गिलावा करावा लागला. आता गावकरी दरवर्षी एकत्र येऊन ते लिंपतात.

हीच चूक आपल्याकडे रोज होते. सोलापूर, उस्मानाबाद भागातील पांढऱ्या मातीच्या माळवदाच्या घरांवर सिमेंट थापले जाते आणि चार-पाच पावसाळ्यांत भिंत फुगते. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा द्यावा. ज्या गवंड्यांना अजून चुना मळता येतो, त्यांनी ही विद्या मुलांना शिकवून ठेवावी.

हसन फतही आणि नुबियाचे गवंडी

अबिक्यूशी आपला आणखी एक संबंध आहे. इजिप्तचे थोर वास्तुशिल्पी हसन फतही (१९००-१९८९) यांनी गरिबांसाठी मातीच्या घरांचा आयुष्यभर पुरस्कार केला. लक्सरजवळचे नवे गुर्ना हे गाव त्यांनी १९४५ पासून उभारायला घेतले. १९८० साली, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना ते नुबियाच्या गवंड्यांना घेऊन अबिक्यूला गेले आणि तिथे 'दार अल-इस्लाम' या संस्थेची मशीद उभी राहिली. लाकडी आधाराशिवाय कमानीचे छत कसे उभारावे, हे त्या गवंड्यांनी अमेरिकनांना दाखविले. युक्ती साधी आहे. मागच्या भिंतीला टेकून पहिली कमान तिरपी लावायची, पुढची तिच्यावर रेलायची. विटा हलक्या, काड जास्त घातलेल्या असल्याने ओला चिखलच त्यांना धरून ठेवतो.

मात्र तिथे योजलेली संपूर्ण वस्ती काही उभी राहिली नाही. इजिप्तमध्ये गरिबाला परवडणारी पद्धत अमेरिकेच्या मजुरीच्या दरात महाग पडली, हे त्याचे एक मोठे कारण सांगतात. एका ठिकाणचे अंदाजपत्रक दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, हे कंत्राटदाराने विसरू नये.

सुतार व निर्यातदारांसाठी

सांता फेच्या घरांत नक्षीदार दारांना फार मान आहे. भारत व अफगाणिस्तानातून गेलेली जुनी दारे तिथे विकली जातात. या धंद्यात उतरणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात.

१) लाकडाची ओल : अमेरिकेच्या त्या कोरड्या भागात घरातील लाकडाची ओल ६ टक्क्यांवर येते. कोकणात वा मुंबईत ती त्याच्या दुप्पट असते. १४ टक्के ओलीचे सागवान तिथे गेले की एक फूट रुंदीची फळी चार-पाच मिलिमीटर आकसते. म्हणून लाकूड भट्टीत सुकवून घ्यावे आणि दिलाहा चौकटीच्या खोबणीत सुटा ठेवावा, डिंकाने वा खिळ्याने जखडू नये.

२) जुना माल : १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील पुरावस्तू खाजगी व्यापाऱ्याला परदेशी पाठविता येत नाही. शंका असल्यास पुरातत्त्व खात्याचा दाखला घ्यावा. नव्या दाराला जुने म्हणून विकणे तर त्याहून वाईट.

३) रंग : जुन्या रंगात शिसे असू शकते. अमेरिकेत घरासाठी असा रंग १९७८ पासून बंद आहे. तपासणी करून घ्यावी.

४) पेटी : लाकडी खोक्याचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून त्यावर मान्य शिक्का मारलेला असावा. नाहीतर माल बंदरातच अडतो.

करार लेखीच हवा

तिथे ऑर्डरचे घर दोन रीतींनी बांधतात. एकात आधीच ठरलेली ठोक रक्कम, दुसऱ्यात प्रत्यक्ष खर्च अधिक ठरलेला मोबदला. पहिल्यात भाव वाढल्याचा धोका कंत्राटदाराचा, दुसऱ्यात मालकाचा. काम चालू असताना मालकाने खिडकी हलविली किंवा फरशी बदलली, तर बदल, वाढीव रक्कम व वाढीव दिवस कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्यावरच कामाला हात लावतात. मजुरी वा मालाचे पैसे बुडाले तर कारागिराला त्या घरावरच कायद्याने हक्क नोंदविता येतो.

आपल्याकडे मात्र 'शेठ, नंतर बघू' यावर लाखाची कामे चालतात आणि शेवटचा हप्ता कायमचा राहतो. ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. त्यातही वस्तूचा प्रकार, माप, दर्जा व किंमत आधी स्पष्ट असावी लागते. म्हणजे लेखी करार मागणे हा अविश्वास नव्हे. इसार किती, हप्ते कोणत्या टप्प्यावर, नमुना कोणता आणि बदलाचा दर काय, एवढ्या चार ओळी तरी प्रत्येक गवंड्याने व सुताराने लिहून घ्याव्यात.

दुसरी बाजू

टेक्सासमधील मार्फा हेही असेच वाळवंटी गाव. डोनाल्ड जड या शिल्पकाराने तिथे आणलेल्या कलेमुळे ते प्रसिद्धीस आले. धनिकांनी मातीची घरे घेतली, किमती चढल्या. २०१७ साली कर ठरविणाऱ्या कचेरीने मातीच्या घरांचे मूल्यांकन वेगळे व वाढीव दराने केले. ज्यांच्या बापजाद्यांनी गरिबीमुळे स्वतःच्या हातांनी विटा पाडल्या होत्या, त्यांच्यावर कराचा बोजा वाढला. कारागिराच्या हातची वस्तू महाग झाली म्हणजे कारागीर सुखी झाला असे होत नाही. जमीन त्याच्या नावावर हवी, दर त्याने ठरविलेला हवा आणि विद्या त्याच्या घरात टिकायला हवी.

आपल्याकडेही शेतघरे, पर्यटन निवास व जुन्या वाड्यांची दुरुस्ती यांत माती, चुना व नक्षीकामाला मागणी येत आहे. ती पुरविणारे हात आपल्या मोहल्ल्यांत आहेत. त्यांनी आपल्या कामाचे नमुने, फोटो आणि दरपत्रक तयार ठेवावे, दोन-तीन कारागिरांनी मिळून भागीदारीने काम घ्यावे, आणि मुलाला थापी धरायला शिकविताना त्याच्या हाती वही-पेन्सिलही द्यावी.