दोन एजंट पुरेत गं सध्या

अगं, आधी ते सगळे टॅब बंद कर बघू. आर्किटेक्ट एजंट, टेस्टर एजंट, सिक्युरिटी एजंट, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवायला पुन्हा एक मॅनेजर एजंट! एका रात्रीत एवढे व्हिडिओ बघितल्यावर डोकं भणभणलं नसतं तरच नवल. बाळंतपणाची रजा संपवून तू कामावर आलीस, आणि परवापरवा जॉइन झालेला मुलगा तुला म्हणतो, ‘मी आता कोड लिहीतच नाही, माझे एजंट लिहितात.’ लगेच तुला वाटलं, संपलं आपलं. खरं सांगू का? दुसऱ्याचा कोड वाचता वाचता तुझी भुवई वर जाते ना, ती सवयच आता सगळ्यात जास्त कामाला येणार आहे.

यात गूढ काही नाही बघ. मॉडेल तेच, फक्त त्याला फाइली वाचायची, बदलायची, कमांड चालवायची मुभा दिलेली असते आणि काम होईपर्यंत ते स्वतःच पुढची पायरी ठरवत राहतं. ‘स्पेशलिस्ट’ एजंट म्हणजे त्याच मॉडेलला दिलेल्या वेगळ्या सूचना, वेगळ्या परवानग्या आणि कोरी पाटी. क्लॉड कोड या कोडिंग एजंटमध्ये तर ही अख्खी नेमणूक एका साध्या मार्कडाउन फाइलीत मावते: वर नाव, कधी बोलवायचं, कोणती साधनं हाताळू द्यायची, खाली काम समजावून सांगितलेलं. तू नव्या मुलांना पहिल्या दिवशी जो ईमेल पाठवायचीस, तसंच काहीसं लिहायचंय. तेवढं तुला येतं.

भूमिका वाटून तपासायची कल्पनाही काही आजची नाही. आयबीएमच्या मायकेल फॅगननं १९७६ साली कोड तपासणीची रीतसर पद्धत मांडली, तेव्हाच बैठक चालवणारा, डिझाइन करणारा, कोड लिहिणारा आणि टेस्टर असे चौघे त्यानं ठरवून दिले होते. २०२३ मध्ये चॅटडेव्ह आणि मेटाजीपीटी या प्रकल्पांनी अशाच भूमिका मॉडेलांना दिल्या, चॅटडेव्हनं तर अगदी सीईओपासून. सीईओ तू सोडून दे. तुला हवेत फक्त दोघे, एक लिहिणारा आणि एक तपासणारा. आणि तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचं आधीचं संभाषण दाखवायचं नाही.

हे ‘दाखवायचं नाही’ महत्त्वाचं आहे, गं. आमटी करताना चार वेळा चाखून बघितली की आपल्या जिभेला मीठ कळेनासं होतं, म्हणून आपण बाहेरच्या खोलीतून कुणाला तरी हाक मारतो. लिहिणाऱ्या एजंटचंही तसंच होतं. तासभर ज्या समजुतीवर तो चालला, त्याच समजुतीनं तो स्वतःचं काम तपासतो आणि ‘सगळं छान आहे’ म्हणून मोकळा होतो. कोऱ्या पाटीच्या एजंटला फक्त दोन गोष्टी दे: काय हवं होतं ते, आणि काय बदललं ते.

एक नमुना बघ. समज, सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचं पान करायचंय. लिहिणाऱ्यानं पान केलं, टेस्टही लिहिल्या, सगळ्या हिरव्या. आता तपासणाऱ्याला सांग, ‘लॉगिन केलेल्या माणसाला दुसऱ्याचं काही बघता किंवा बदलता येतं का, तेवढंच शोध.’ तो परत येऊन सांगतो की पत्त्यातला बिल क्रमांक ४१ चा ४२ केला की शेजारच्यांचं बिल उघडतं, थकबाकी आणि फोन नंबरासकट. माणूस लॉगिन आहे का हे कोड बघतो, बिल त्याचंच आहे का हे बघतच नाही. मग टेस्ट हिरव्या कशा? कारण त्याही लिहिणाऱ्यानंच लिहिल्या, आणि प्रत्येक टेस्टमधला माणूस शहाण्यासारखा आपलंच बिल मागतो!

इथे ‘दुरुस्त कर’ म्हणून मोकळी होऊ नकोस. आधी टेस्ट लिहून घे: पहिल्या फ्लॅटवाल्यानं दुसऱ्याचं बिल मागितलं तर नकार मिळायला हवा. ती टेस्ट लाल झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग दुरुस्ती, मग हिरवी. आणि दुरुस्ती करताना त्यानं टेस्टच बदलली नाही ना, तेही बघ. टेस्ट पास व्हावी म्हणून हे एजंट कधीकधी टेस्टलाच गप्प करतात, आणि वर ‘सर्व चाचण्या यशस्वी’ असा अहवाल देतात.

नुसतं ‘रिव्ह्यू कर’ मात्र म्हणू नकोस हं. तसं म्हटलं की तो काहीतरी शोधणारच. सुरुवातीला मी उत्साहाच्या भरात इतके रिव्ह्यूअर नेमले होते की एकानं व्हेरिएबलचं नाव बदलायला लावलं आणि दुसऱ्यानं ते पुन्हा पहिल्यासारखं करायला. मी दोघांचं ऐकलं. हसू नकोस. त्यापेक्षा त्याच्या फाइलीत सरळ लिही: वागणूक चुकेल असंच काही असेल तर सांग, फाइल आणि ओळ दे, ती चूक कशी घडवून दाखवायची ते दे, आणि काही नसेल तर ‘काही सापडलं नाही’ म्हण. ही शेवटची सूट दिलीस की निम्मा पाल्हाळ बंद होतो.

आता तो मुलगा सांगतो ना, की त्याचे आठ एजंट एकाच वेळी कोड लिहितात, त्याचं काय? बघ, वाचायचं काम कितीही जणांना वाटून दे, कुणी कुणाच्या पायात येत नाही. लिहायचं काम वाटलं की भांडणं सुरू. डेव्हिन नावाचा कोडिंग एजंट बनवणाऱ्या कॉग्निशन कंपनीनं जून २०२५ मध्ये हेच बजावलं होतं: प्रत्येक एजंट न सांगता काही गोष्टी गृहीत धरतो, आणि ती गृहीतकं एकमेकांशी जुळत नाहीत. एकानं रक्कम पैशांत ठेवली, दुसऱ्यानं रुपयांत. दोघांचं आपापल्या जागी बरोबर!

जमतं तेव्हा का जमतं, तेही ऐक. फेब्रुवारी २०२६ मध्ये क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकच्या निकोलस कार्लिनीनं सोळा क्लॉड एजंटांकडून रस्ट भाषेत सी कंपायलर लिहून घेतला. सुमारे एक लाख ओळी, जवळपास दोन हजार सत्रं, आणि खर्च वीस हजार डॉलरच्या आसपास. कोण कुठलं काम करतंय हे कळावं म्हणून प्रत्येक एजंट एका फोल्डरात छोटी फाइल टाकून ते काम आपल्या नावावर अडवायचा. सुट्या सुट्या टेस्ट नापास होत होत्या, तोवर छान चाललं, ज्यानं त्यानं आपली टेस्ट उचलायची. पण लिनक्सचा कर्नल कंपाइल करायची वेळ आली आणि गाडी अडली. ते एकच अवाढव्य काम, त्यामुळे सगळे एकाच बगपाशी येऊन थडकायचे आणि एकमेकांची दुरुस्ती पुसायचे. अजून एजंट आणून हे सुटलं नसतं. कार्लिनीनं कामच फोडलं: बहुतेक फाइली जीसीसी या जुन्याजाणत्या कंपायलरनं कंपाइल करायच्या, थोड्या आपल्या कंपायलरनं, म्हणजे चूक नेमक्या कुठल्या फाइलीत आहे ते कळेल आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगळी चूक येईल. बघितलंस? डोकं लागलं ते काम कसं फोडायचं आणि बरोबर-चूक कशावरून ठरवायचं यात. ते तू रजेवर जाण्याआधी रोज करतच होतीस.

म्हणून लिहिणारे वाढवायचेच झाले तर आधी स्वतः ठरव की रक्कम कशात ठेवायची, एपीआयचं उत्तर कसं दिसेल, कोणती फाइल कुणाची. मग प्रत्येकाला गिटचा वेगळा वर्कट्री दे, एकाच फोल्डरात सगळ्यांना सोडू नकोस.

किल्ल्यांचं, म्हणजे परवानग्यांचं, मात्र मी जरा दरडावूनच सांगणार आहे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एजंटनं एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला, आणि तेही ‘आता काही बदलू नकोस’ असं बजावलेलं असताना. सूचना म्हणजे कुलूप नव्हे, बाई. तपासणाऱ्याला फक्त वाचायची परवानगी. लिहिणाऱ्याला त्याची ब्रँच, प्रॉडक्शनचा पासवर्ड कुणालाच नाही, आणि मर्जचं बटण तुझ्याच हातात. बाहेरून आलेला कोड किंवा मजकूर एजंट वाचणार असेल तर आणखी जपून, कारण त्यात कुणी एजंटलाच उद्देशून हुकूम पेरून ठेवलेला असू शकतो.

खर्चाकडेही लक्ष असू दे. अँथ्रॉपिकनंच आपल्या संशोधन करणाऱ्या एजंटांबद्दल लिहिलंय की अशी टोळी साध्या चॅटच्या सुमारे पंधरापट टोकन खाते. लॉगिनच्या पानावरचं स्पेलिंग सुधारायला टोळी लागत नाही. पैसे, परवानग्या, लोकांची खासगी माहिती, अशा ठिकाणी दुसरे डोळे लाव, बाकी ठिकाणी एकटा एजंट आणि एकटी तू पुरेशी आहेस.

आणि स्टँडअपला त्या मुलानं पुन्हा आकडे सांगितले की गोड आवाजात विचार, ‘यातलं तू स्वतः किती वाचलंस रे?’ टोमणा म्हणून नको, खरंच विचार. त्याच्याकडूनही दोन गोष्टी शिकायला मिळतील, पोरगा हुशार दिसतोय.

सोमवारी तुझ्या टीममधलीच मर्ज झालेली एक जुनी पुल रिक्वेस्ट घे, जिच्यातला बग नंतर सापडला होता अशी. तपासणाऱ्या एजंटला ती दे आणि बघ त्याला तो बग सापडतो का. नाही सापडला तर त्याच्या सूचना सुधार, पुन्हा सोड. ती फाइल मला पाठव, मी वाचते. फक्त दहाच्या आत पाठव गं, नंतर मला मराठीही धड वाचता येत नाही.