रोजचा ताळा

गिरगाव, मुंबई

चि. मनू,

दादरच्या सहकारी बँकेत माहिती सुरक्षा अधिकारी म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी बँकेच्या तपासणी खात्यात गेली, म्हणून चार गोष्टी लिहितो. फायरवॉल, अँटिव्हायरस यातलं तुला माझ्याहून पुष्कळ कळतं. त्यात मी पडत नाही. माझं सांगणं एवढंच: पैसा बाहेर पाठवणारी यंत्रणा आणि त्याची नोंद ठेवणारी यंत्रणा, या दोन्हींचा ताळा रोज, तिसऱ्याच माणसाने घालावा.

फोर्टातलं प्रकरण तुला ऐकून माहीत आहे, पण कामाच्या नजरेने पुन्हा बघ. वीर नरिमन रोडवरच्या ब्रॅडी हाऊसमध्ये पंजाब नॅशनल बँकेची शाखा. तिथून रिझर्व्ह बँक चालत काही मिनिटांवर. या शाखेतून हिरे व्यापाऱ्यांच्या कंपन्यांसाठी एलओयू, म्हणजे हमीपत्रं, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना जात होती. हमी गेली की बँकेच्या डोक्यावर देणं चढतं आणि त्याची नोंद कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणकीय खातेवहीत, पडायलाच हवी. पण स्विफ्ट आणि कोअर बँकिंग तिथे जोडलेली नव्हती. नोंद हाताने करायची होती. ती केलीच गेली नाही, असा सीबीआयचा आरोप आहे. ज्यांच्यावर ठपका आला ते उपव्यवस्थापक २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत वर्षानुवर्षं त्याच शाखेत होते. जानेवारी २०१८ मध्ये त्या कंपन्यांची माणसं नवी हमीपत्रं मागायला आली, तेव्हा खुर्चीवर दुसरा माणूस होता. त्याने शंभर टक्के रोख मार्जिन मागितलं. ‘आजवर कधी लागलं नाही,’ असं उत्तर आलं. दफ्तर तपासलं, तर आधीच्या हमीपत्रांची नोंदच नाही. १४ फेब्रुवारीला बँकेने जाहीर केलेला आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपये होता. पुढे तो १३,००० कोटींच्या वर गेला. स्विफ्टच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून तीनदा बँकांना सावध केलं होतं, असं रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं.

त्याच वर्षी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर घाला आला, आणि तो बाहेरच्यांचा होता. ११ ऑगस्ट, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. चोरांनी मालवेअर घुसवून एटीएमची विचारणा कोअर बँकिंगकडे नेणाऱ्या स्विचची नक्कल उभी केली होती. कार्डावर पैसे द्यायचे का, हा प्रश्न कोअर बँकिंगपर्यंत पोचण्याआधीच ही नक्कल ‘द्या’ म्हणून मोकळी होई. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टवरून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर.

फोर्टात कोअर बँकिंगला सांगितलं गेलं नाही, पुण्यात त्याला विचारलं गेलं नाही. एकीकडे घरचा भेदी, दुसरीकडे परका चोर. भोक मात्र एकच.

म्हणून रुजू झाल्यावर आधी एक यादी कर: तुमच्या बँकेतून पैसा कुठल्या कुठल्या वाटेने बाहेर पडतो? आरटीजीएस, एनईएफटी, यूपीआय, एटीएम स्विच. प्रत्येक वाटेसमोर दोन नावं लिही, पाठवणाऱ्याचं आणि ताळा घालणाऱ्याचं. नाव एकच निघालं, तर तोच तुझा पहिला धोका. मग एका संध्याकाळी स्वतः बस. डावीकडे बाहेर गेलेल्या संदेशांची छापील यादी, उजवीकडे खातेनोंदींची. ओळीसमोर ओळ, पेन्सिलीची खूण. जी ओळ उरेल तिचा खुलासा झाल्याशिवाय दिवस बंद करू देऊ नकोस. हे काम दुसऱ्या शनिवारी आणि रविवारीही कोणीतरी केलंच पाहिजे. चोर सुट्टी बघूनच येतो.

माणसांच्या बाबतीत भिडेला बळी पडू नकोस. ‘साहेबांचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे, काम अडत नाही ना,’ असं कुणी म्हणालं, तर तो पासवर्ड त्याच दिवशी बदलून घे. कधी रजा न घेणारा कर्मचारी सगळ्यांना आदर्श वाटतो, पण त्याचं टेबल दुसऱ्याच्या हाती गेल्याशिवाय तिथलं काम कोण तपासणार? संवेदनशील जागांवरच्या माणसांना न कळवता निदान १० कामाचे दिवस सक्तीची रजा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय, ते याचसाठी. यात कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. हे ज्याला-त्याला नीट समजावून सांग.

संचालक मंडळापुढे जाशील तेव्हा तांत्रिक शब्दांचा मारा करू नकोस. तिथे शिक्षक असतील, दुकानदार असतील. ‘ही वाट उघडी राहिली तर एका रात्रीत इतके रुपये जाऊ शकतात, बंद करायला इतके लागतील,’ असं सरळ मराठीत मांड आणि त्यांचा निर्णय इतिवृत्तात लिहून घे. जोखीम पत्करायची की नाही हे मंडळानेच ठरवायचं असतं. आयटी विभागाने परस्पर ठरवायचं नसतं. मोठ्या बँकांना रिझर्व्ह बँकेने सुरक्षा अधिकारी आयटी प्रमुखाच्या हाताखाली ठेवू नये असं बजावलंय. तुमच्याकडे तशी रचना नसेल तर आग्रहाने माग.

आणि काही घडलंच, तर झाकू नकोस. सर्ट-इन या देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावं लागतं. वरून कितीही दडपण आलं तरी ती वेळ चुकवू नकोस. लपवलेल्या प्रत्येक तासात पैसा आणखी लांब जातो.

तुमच्या बँकेत लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या ठेवी आहेत. कित्येकांच्या उभ्या हयातीची कमाई तेवढीच. त्यांना स्विफ्ट माहीत नाही, स्विच माहीत नाही. त्यांच्या वतीने विचारणारी तू आहेस. वाईटपणा आला तरी विचारत राहा.

तुझा,
काका