हिरव्या पंखांचा होला कोणता?

प्रश्न : आमचं मूळ घर कल्याणजवळ, मलंगगडाच्या पायथ्याच्या एका गावात आहे. परसात बांबूचं बेट आहे. अलीकडे सकाळच्या वेळी त्याखाली होल्यासारखा एक पक्षी एकटाच चालताना दिसतो. पंख हिरवे, चोच लाल, छाती जांभळट गुलाबी. चाहूल लागली की सुसाट निघून जातो. शेजारी म्हणतात, कुणाचं तरी पाळलेलं कबूतर सुटलंय. आई म्हणते, ही हरोळी. खरं काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वर्णन इतकं नेमकं आहे, की फोटोवाचून अडत नाही. हा पाचू कवडा. पाळीव कबुतराचा इथे काही संबंध नाही. पक्षी अस्सल रानातला आणि इथलाच.

आईंचा अंदाज मात्र अगदीच वाया गेलेला नाही. हरोळी, म्हणजे हरियाल, हा आपला राज्यपक्षी आणि तोही कबुतरांच्याच कुळातला. पण हरियाल थव्याने राहतो, वड-पिंपळ-उंबराच्या शेंड्यावर फळं खातो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याचे पाय पिवळे असतात. तुमचा पक्षी एकटा आहे आणि पालापाचोळ्यात चालतो आहे. रंगाआधी ही चाल पाहिली, तर हरियाल तिथेच बाद होतो.

उरले नेहमीचे होले. कल्याण-डोंबिवलीत सगळ्यात जास्त दिसतो तो ठिपकेवाला होला. त्याच्या मानेमागे काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असतो. छोट्या होल्याच्या गळ्यापाशी तांबूस-काळी नक्षी असते, तर कंठी होल्याच्या मानेवर नुसती काळी रेघ. यांतल्या एकाचाही पंख हिरवा नाही. पाचू कवड्याच्या मानेवर यातलं काहीच नसतं.

आता पुढच्या वेळी तीन गोष्टी तपासा. पहिली, डोकं. नराच्या डोक्यावर राखाडी-निळसर टोपी, कपाळ आणि भुवई पांढरी, खांद्याशी पांढरा डाग. मादी एकूण तपकिरी, तिचा हा डाग पुसट किंवा नसल्यासारखा. दुसरी, उडतानाची पाठ. शेपटीच्या वर, कमरेवर दोन फिकट आडवे पट्टे दिसतात. पक्षी पाठमोरा सुटला तरी तेवढ्यावरून ओळख पटते. तिसरी, हिरवा रंग. सावलीत पंख काळपट दिसतात आणि बांबूतून उन्हाची तिरीप पडली की एकदम झळकतात. त्यामुळे एकाच पक्ष्याबद्दल घरातली दोन माणसं दोन रंग सांगतात.

तो तुमच्याच परसात का? मलंगगड माथेरानच्या डोंगररांगेतला. पाचू कवड्याला दाट सावली, बांबू, ओलसर पानगळीचं रान लागतं. ठाण्याच्या येऊरच्या जंगलातही तो आहे. जमिनीवर पडलेली फळं आणि बिया हे त्याचं खाणं. रानाच्या कडेची झाडाझुडपांची वाडी त्याला रानासारखीच वाटते. परस झाडून, बांबू तोडून, फरशी घातली, की तो येणं थांबतं.

हा पक्षी दुर्मीळ नाही. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत तो पसरलेला आहे, तमिळनाडूचा तर तो राज्यपक्षीच. लिनियसने 1758 मध्ये त्याला शास्त्रीय नावही दिलं. पण तो बुजरा, त्यामुळे दिसण्याआधी बहुधा ऐकू येतो : लांबून येणारा, नाकातून काढल्यासारखा खोल हुंकार.

तो जमिनीलगत, झाडांच्या मधून अतिशय वेगाने उडतो. त्यामुळे खिडकीच्या काचेवर आपटून मरण्याचा धोका मोठा. सिंगापूरमध्ये इमारतींवर आदळलेल्या पक्ष्यांच्या नोंदींत त्याचं नाव वरचेवर येतं. परसाकडे मोठी काच असेल, तर बाहेरून पडदा किंवा जाळी लावा.

झुडपात चार काटक्यांचं विरळ घरटं दिसलं, आत दोन फिकट अंडी किंवा पिल्लं असली, तर हात लावू नका. पिल्लांना आईबाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं ‘दूध’ भरवतात. ते आपल्याला घरी करता येत नाही, म्हणून उचलून आणलेलं पिल्लू सहसा वाचत नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पक्षी पकडायला आणि पाळायला मनाई आहे. शेजाऱ्यांनाही एवढं सांगाच.

बांबूच्या सावलीत मातीचं उथळ ताट पाणी भरून ठेवा. चिमणी घोट घेऊन मान वर करते. हा मात्र चोच बुडवून सलग पाणी ओढतो. फोटो मिळाला तर तारीख, वेळ आणि गावाचं नाव लिहून ईबर्डवर नोंद करा. अशा नोंदींतूनच डोंबिवलीच्या वाढत्या इमारतींपलीकडे रान कुठवर शिल्लक आहे, हे कळतं.