सुनेचे ताट

आमचे वरकुटे इंदापूर तालुक्यातले. गेल्या वर्षी माझ्या वहिनीचे डोहाळजेवण थाटात झाले. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, काही उणे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती पूर्वीसारखीच सर्वांच्या मागून जेवू लागली. भाकरी पोटभर असे. भाजी पातेल्याच्या तळाशी उरेल तेवढी. ‘एक भाकरी जास्त खा,’ एवढेच आम्ही तिला सांगत असू. हा सल्ला किती अपुरा होता, हे पुण्यातील एका संशोधिकेचे काम वाचताना माझ्या ध्यानी आले.

डॉ. शोभा राव यांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पोषणाचा अभ्यास केला. १९९० च्या दशकात के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. कॅरोलिन फॉल यांच्यासमवेत त्यांनी पुण्याजवळच्या ६ खेड्यांतील गर्भवतींच्या आहाराची पाहणी केली. ७९७ स्त्रिया काय व किती खातात, याची नोंद गर्भारपणाच्या १८ व्या व २८ व्या आठवड्याच्या सुमारास घेतली. निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या स्त्रियांचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २६६५ ग्रॅम भरले. २५०० ग्रॅमच्या आतले बाळ कमी वजनाचे मानतात, हे लक्षात घेतले की हा आकडा किती काठावरचा आहे ते कळते. नवल असे की, एकूण उष्मांक व प्रथिने यांचा बाळाच्या वजनाशी संबंध आढळला नाही. आढळला तो दूध, पालेभाज्या आणि फळे यांचा. पालेभाजीत फोलेट असते व नव्या पेशी घडण्यास ते लागते. पुढील एका लेखात राव यांनी श्रमांचाही हिशेब मांडला. ज्यांच्यावर कामाचा भार अधिक, त्यांची बाळे लहान होती.

अर्थात, संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. म्हणून पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात प्रयोग झाला. काही स्त्रियांना रोज पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ दिला, तर काहींना बटाटा-कांद्याचा. सर्वांचा एकत्र विचार करता बाळांच्या वजनात ठाम फरक पडला नाही. परंतु गर्भ राहण्यापूर्वी किमान ३ महिने ज्यांनी पहिला खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने भारी निघाली. गर्भारपणातील मधुमेहही १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के स्त्रियांतच आढळला.

वहिनीचे बाळ अडीच किलोच्या आतच भरले. त्याचे कारण एका ताटात शोधणे शास्त्राला धरून होणार नाही. पण आमच्या बांधावर शेवगा आहे, रानात तांदुळजा उगवतो, गोठ्यात गाय आहे. दूध मात्र सगळे डेअरीला जात होते. आता आधी घरातल्या बायकांपुरते काढून मगच किटली भरतो.

सकाळच्या एस.टी.साठी नुसत्या चहावर धावणाऱ्या माझ्या वर्गभगिनींनी हे ४८ ग्रॅम ध्यानात ठेवावेत. आईच्या पोषणाचा आरंभ डोहाळजेवणाच्या पाटावर होत नाही; तो आजच्या डब्यापासून होतो.