आशा म्हणजे शोध : सूरह यूसुफचा एक धडा

घरातील माणसाच्या मेंदूत गाठ असल्याचे कळते, तेव्हा धीर देणारे पुष्कळ भेटतात. ‘अल्लाहवर भरवसा ठेवा,’ असे ते सांगतात. हा भरवसा कसा ठेवावा, हे पवित्र कुरआन ह. याकूब (अ.) यांच्या जीवनातून शिकवतो.

पुत्रवियोगाने त्यांचे डोळे पांढरे पडले होते. तरीही त्यांनी मुलांना यूसुफ व त्याच्या भावाचा शोध घेण्यास पाठविले आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नये, असे बजावले (१२:८७). यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. अश्रू ईमानाच्या विरुद्ध नाहीत; आणि आशा म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे, तर शोधाला निघणे होय.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही उपचार करण्याची शिकवण दिली आहे. मेंदूतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. काही गाठी शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येतात, काही मात्र पुन्हा उद्भवतात. म्हणून सकाळी वाढणारी डोकेदुखी व उलटी, प्रथमच आलेली फिट, एका बाजूचा अशक्तपणा अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांना गाठावे. गंडेदोऱ्यांत दिवस दवडू नयेत. नांदगावहून मुंबईला थेट लोहमार्ग आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी.

या आजारात स्मरण, वाणी व स्वभावही बदलू शकतो. शांत पिता एकाएकी कठोर बोलू लागला, तर ते बोल आजाराचे समजा. त्यांचा राग मनात धरू नका. नमाजसाठी उभे राहता येत नसेल तर बसून, तेही शक्य नसेल तर कुशीवर पडून ती अदा करावी, अशी हदीसची शिकवण आहे. रोजाचीही सवलत आहे (२:१८५). ज्याचे भान हरपले, त्याच्यावर त्या अवस्थेत जबाबदारीच उरत नाही. जिथे अल्लाहने सवलत दिली, तिथे आपण रुग्णाला दोष का द्यावा?

शुश्रूषा करणाराही थकतो, आणि बहुधा ती घरातील एखादीच स्त्री असते. भावंडांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. शेजाऱ्यांनी विचारपूस करून परतण्याऐवजी एक रात्र जागावे, एक वेळचे जेवण पोहोचवावे.

शिफा अल्लाहच्या हाती आहे. ती लाभली नाही, तरी मोमिनाला काटा रुतल्याची वेदनाही वाया जात नाही, तिच्यामुळे गुन्हे माफ होतात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. म्हणून शोध चालू ठेवा, दुआ चालू ठेवा.

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा आणि त्यांच्या सेवेकऱ्यांना सबर देवो. आमीन.