गळीत हंगामात रस्त्यावर गाडी थांबविण्याची रीत

गळीत हंगामात पन्हाळ्याच्या पायथ्याच्या रस्त्यांवर रात्रीही उसाची वाहतूक चालू असते. अशा वेळी चालत्या गाडीपेक्षा अंधारात उभ्या राहिलेल्या गाडीचे भय अधिक, ही गोष्ट आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो. ताशी 40 किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदात सुमारे 11 मीटर पुढे जाते. लोंबत्या उसाने ट्रॉलीचा मागचा दिवा झाकला असेल, तर स्वारास सावरण्यास अवकाश उरत नाही.

म्हणून वाघबीळच्या घाटासारख्या वळणावर, चढाच्या माथ्यावर अगर अरुंद पुलावर गाडी थांबवू नये. सरळ जागा पाहून ती डाव्या अंगास, शक्य तर डांबराबाहेर घ्यावी. मात्र कडेची माती भार सोशील की नाही, हे आधी उतरून पाहावे. ब्रेक लावून उताराच्या अंगास चाकाला दगड द्यावा. दिवे चालू ठेवून मागे काही अंतरावर चकाकणारा त्रिकोण मांडावा. बैलगाडीस मागे कंदील टांगावा व दगड दिल्यावाचून बैल सोडू नयेत. इतरांस धोका होईल अशा रीतीने ट्रॅक्टर वा ट्रॉली उभी करणे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 122 व्या कलमान्वये निषिद्ध आहे.

निघताना तो दगड आठवणीने उचलून रस्त्याबाहेर टाकावा. आपण टाकून गेलेला दगड रात्री आपल्याच शेजाऱ्याच्या चाकाखाली यावयाचा, हे कोणीही विसरू नये.